परत, वापस, दुबार

गुरुवारी ऑफिसातून घरी आले तर दाराच्या फटीतून आत सरकवलेली एक चिठ्ठी पायपुसण्यावर पडली होती. पोस्टमन येऊन गेला होता, घरात कुणी नव्हतं, पार्सल डेपोत नेऊन ठेवलंय. खाली बारीक अक्षरात, पार्सल रीडिलिव्हर करून हवं असेल तर दिवस कळवा.

हे पार्सल आईनं उदगीरहून पाठवलेलं. येसर, कारळाची चटणी, सांडगे. तूप आणि खव्याचे पेढे मीच नको म्हटलं होतं, कारण भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी फोन लावला, कारण ती वाट बघत जागी असणार हे ठाऊक होतं.

म्हटलं, "आई, पार्सल आलं होतं, मी नव्हते घरी. आता परत पाठवतील."

पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, "वापस येऊ लालंय का गं? एवढं उन्हात वाळवलेले सांडगे..."

चूक माझी होती. माझ्या मनात होतं 'पुन्हा', तिनं ऐकलं 'माघारी'. "परत सांग" म्हटलं की पुन्हा सांग. "पैसे परत दे" म्हटलं की माघारी दे. आणि "परत पाठवतील" म्हटलं की वस्तू कुठल्या दिशेला निघाली हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. आमच्याकडे परतच्या जागी वापस जास्त चालतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, कारभाराची भाषा उर्दू. तो काळ गेला, शब्द तोंडात राहिला. पण वापसनंही गोंधळ मिटत नाही. "वापस सांग एकदा" असंही आम्ही म्हणतोच.

मग नीट सांगितलं, "वापस नाही, शनिवारी पुन्हा आणून देणार आहेत." तेव्हा तिचा आवाज मोकळा झाला.

त्या रात्री बराच वेळ हा शब्द डोक्यात फिरत राहिला. माझं काम जहाजं भाड्यानं देण्याघेण्याच्या व्यवसायातलं, त्यामुळे 'रीडिलिव्हरी' मी रोज लिहिते, पण तिथं तिचा अर्थ अगदी उलटा. मुदतीच्या करारात मालक जहाज भाडेकरूच्या दिमतीला देतो ती डिलिव्हरी, आणि मुदत संपल्यावर भाडेकरू ते मालकाच्या हवाली करतो ती रीडिलिव्हरी. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंजचा १९४६ सालचा करारनमुना अजून वापरात आहे. त्यातली अट अशी की, जहाज जसं घेतलं तशाच चांगल्या स्थितीत परत करायचं, वापरानं होणारी नेहमीची झीज तेवढी सोडून. म्हणजे पोस्टाच्या चिठ्ठीत तो शब्द 'पुन्हा आणून देणे' आणि माझ्या टेबलावर 'परत करणे'. जो घोटाळा आमच्या परतमध्ये, तोच त्यांच्या शब्दातही. मला त्या रात्री फार बरं वाटलं.

बोलताना मात्र इकडचा माणूस रीडिलिव्हर म्हणत नाही. तो चिठ्ठीवरचा, वेबसाइटवरचा शब्द. शेजारच्या आजी सरळ म्हणतात, "दे विल ट्राय अगेन", नाहीतर "दे विल ब्रिंग इट राउंड अगेन". परत करायचं असेल तर रिटर्न, गिव्ह बॅक, हँड बॅक. नव्यानं येणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगते, "रीडिलिव्हर अगेन" म्हणू नका. 'री'मध्येच पुन्हा आलं.

मूळ डिलिव्हर या क्रियापदाचा माग लॅटिनपर्यंत जातो आणि तिथं त्याचा अर्थ सोडवणं, मोकळं करणं. वस्तू हातातून सोडून दुसऱ्याच्या हाती देणं, संकटातून सोडवणं, बाळंतपण, सगळं त्याच एका मुळातून फुटलं. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. गल्लीत कुणी बाळंत झाली की ती हात जोडून म्हणायची, "मोकळी झाली बाई, सुटली." लॅटिनचा आणि तिचा काय संबंध? पण बाईच्या त्या घडीकडे दोघांनी एकाच नजरेनं पाहिलं.

मराठीत रीडिलिव्हरला एक शब्द मिळत नाही, आणि मला त्याची उणीवही वाटत नाही. पोस्टाचा असेल तर दुसऱ्यांदा बटवडा. कागदपत्रं असतील तर पुन्हा सुपूर्द करणं. माणूस असेल तर पुन्हा नेऊन पोचवणं. जहाज किंवा उसनं भांडं असेल तर परत करणं. कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला, हे आणणं-नेणं-देणं ही क्रियापदंच सांगतात. फक्त परतवर सगळा भार टाकायचा नाही.

'दुबार' हाही एक शब्द आहे, मतदारयादीतल्या दुबार नावांचा. पण तो मी घरी वापरत नाही. आमच्याकडे दुबार म्हटलं की पेरणीच आठवते. जूनमध्ये पहिल्या पावसावर सोयाबीन पेरावं, मग तीन आठवडे थेंब नाही, उगवलेलं डोळ्यांदेखत करपतं, आणि पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी. बाबा अशा दिवसांत जेवताना बोलायचे नाहीत. त्या शब्दात सांडग्याचं पार्सल बसवावंसं वाटत नाही.

शनिवारी साडेअकराला बेल वाजली. मांजरपाटात शिवलेलं खोकं, हातशिलाईचे लांब टाके, एका कोपऱ्यात दोरा संपला म्हणून पांढऱ्याऐवजी निळा लावलेला. आईचीच शिलाई. टाके कापायला जीव होईना, म्हणून सुईनं एकेक उसवले. आत स्टीलचा डबा, त्याचं झाकण कापडी पट्टीनं बांधलेलं. उघडल्याबरोबर येसराचा वास जिन्यापर्यंत गेला.

फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "पोचलं?"

"पोचलं."

डबा दिवाळीत माझ्याबरोबर वापस जाईल. रिकामा नाही.