बर्फाचा दिवाळी अंक

चार दिवस झाले, पाऊस काही थांबत नाही. लाईट येतेय-जातेय, नेटचं तर नावच काढू नका, कपडे दोरीवर नुसते लटकलेत, आणि मी बाल्कांवात बसून काय वाचतोय तर स्कीइंगचं मासिक. गोव्यात, हरमलात. भर जुलैत. आई दोनदा दारातून डोकावून गेली की हा नेमका करतोय काय.

आलं कुठून ते सांगतो. घरामागच्या दोन खोल्या आम्ही सीझनला भाड्याने देतो. गेल्या ऑक्टोबरात एक कॅनडाचा पोरगा महिनाभर राहून गेला, ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सन गावचा, हिवाळ्यात तिकडे स्की लिफ्टवर कामाला असतो. बर्फ पडून लिफ्ट सुरू होईपर्यंत फिरून घ्यायचं असा त्याचा हिशोब, म्हणजे आमची शॅकवाली पोरं पावसाळ्यात गावी जातात तसंच, फक्त उलटं. जाताना सनस्क्रीनची अर्धी बाटली, एक फाटकी चप्पल आणि हे मासिक टाकून गेला. चप्पल फेकली. मासिक आईने तांदळाच्या डब्याखाली घातलं होतं, ओल येऊ नये म्हणून, ते परवा हाताला लागलं.

नाव 'कूटनी माउंटन कल्चर'. कूटनी म्हणजे त्यांचा तो डोंगराळ भाग, त्या भागापुरतंच हे मासिक, आणि मासिक कसलं, वर्षातून दोनदाच निघतं, एक हिवाळी आणि एक उन्हाळी. म्हणून मी त्याला बर्फाचा दिवाळी अंक म्हणतो. का. र. मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याला अंकाची वाट बघत बसायची सवय आहेच, तिकडे लोक बर्फाची वाट बघत हे वाचत बसतात एवढाच फरक.

कागद बघूनच आधी मला बरं वाटलं. ग्लॉसी मासिक आमच्या पावसात टिकत नाही, पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की फोटोची सालं निघतात. हा कागद जाडा, बिनचकाकीचा. फुगलाय, कडा लाटांसारख्या झाल्यात, पण पान सुटं होतं. एक दोन पानी फोटो आहे, पांढराशुभ्र उतार आणि त्यावर मुंगीएवढा माणूस, आणि त्या बर्फावर आता आमच्या घरच्या बुरशीचे करडे ठिपके आलेत. मी आधी झाडंच समजलो.

आता स्कीइंगमधलं मला काय कळतं? काही नाही. गुलमर्ग आणि औली ही दोन नावं, आणि २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटाच गेलेला आरिफ खान, तो गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा, संपलं. पण हे मासिक वाचताना माझी गाडी अडली ती स्कीइंगपाशी नाही, ती अडली हे लोक काही समजावूनच सांगत नाहीत तिथे. 'ट्री वेल' असा शब्द येतो आणि पुढचं वाक्य सुरू, कारण वाचणाऱ्याला तो माहीतच आहे. मला शोधावं लागलं. दाट फांद्यांमुळे झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ नीट दाबून बसत नाही, तिथे भुसभुशीत खड्डा राहतो, वरून दिसत नाही, आणि स्की करणारा त्यात डोकं खाली पाय वर असा पडला की बर्फ अंगावर ढासळतो, स्वतःहून निघता येत नाही आणि माणूस गुदमरतो. म्हणून झाडीत एकट्याने जायचं नाही, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. आमच्याकडे केरीला तेरेखोलच्या मुखाशी कुठे उतरायचं नाही हे पोराटोरांना कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही, तसंच.

आणि बर्फावर काय बोलतात हो! पडलेला, वाऱ्याने दाबलेला, उन्हात वितळून रात्री परत गोठलेला, प्रत्येकाला वेगळं नाव. आपण नाही का, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ला निना (पॅसिफिकचं मधलं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं ती) येणार म्हटलं की ते लोक खूश, कारण त्यांच्याकडे बर्फ चांगला पडायची शक्यता वाढते, आणि त्याच ला निनाची आपले लोक चांगल्या पावसासाठी वाट बघतात. एकच पॅसिफिक, दोघांचं नशीब त्याच्याच हातात. नेल्सनजवळच्या व्हाइटवॉटर स्की रिसॉर्टला हंगामात साधारण १२ मीटर बर्फ पडतो, आकडा ऐकून मी हादरलोच होतो, मग हिशोब केला, असा भुसभुशीत बर्फ वितळवला तर पाणी होतं जेमतेम मीटरभर. आमच्याकडे पाऊस सरासरी तीन मीटर पडतो, तोही सरळ डोक्यावर. जिंकलो. (कपडे तरी वाळले नाहीत.)

त्याच भागातलं रॉसलँड हे मुळात सोन्याच्या खाणींचं गाव. १८९० च्या दशकात ओलाउस येल्डनेस नावाच्या नॉर्वेहून आलेल्या खाणवाल्याने तिथे स्कीइंगचं वेड लावलं, खाणी केव्हाच बंद झाल्या, वेड राहिलं, आणि त्याच गावात वाढलेल्या नॅन्सी ग्रीनने १९६८ ला ग्रेनोबलच्या हिवाळी ऑलिंपिकला जायंट स्लालमचं, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं. हे वाचून मला आमच्या खाणपट्ट्यातली डिचोली-सत्तरी आठवली. २०१२ ला खाणी बंद, मग सुरू, २०१८ ला परत बंद, घराघरांसमोर हप्त्यावर घेतलेले ट्रक गंजत उभे राहिले. आमच्याकडे खाणीनंतर काय, हे कोणी पाच पानं बसून लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

जम्बोचं प्रकरण मला त्या पोराने आधीच सांगितलं होतं, बियर पिता पिता, तेव्हा मी नुसता मान हलवत होतो. त्याच कूटनी भागातल्या जम्बो खोऱ्यात हिमनदीवर वर्षभर चालणारं मोठं स्की रिसॉर्ट बांधायचा प्रस्ताव १९९१ चा. विरोधात कोण, तर स्कीइंग करणारेच! आणि तिथले मूळचे टुनाहा लोक, त्यांच्या दृष्टीने तो डोंगर म्हणजे अस्वलाच्या आत्म्याचं घर. २०१७ ला ते कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात हरले तरी हटले नाहीत, आणि जानेवारी २०२० ला प्रकल्प कायमचा बासनात गेला. त्याच २०२० मध्ये आम्ही इथे मोलेच्या जंगलासाठी ओरडत होतो, रेल्वे, हायवे आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम अभयारण्यातून. घाटातल्या रेल्वे दुपदरीकरणाची मंजुरी आपल्या सुप्रीम कोर्टाने मे २०२२ ला रद्द केली. पोराला तेव्हा हे सांगायला हवं होतं, बियर संपली आणि राहून गेलं.

मी एकदा गोव्यातल्याच एका फुकट वाटायच्या टुरिस्ट मासिकाला सत्तरीवर लिहून दिलं होतं. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात चहा विकणाऱ्या एका बाईंवर, धुकं असलं की त्यांना गाडी आवाजावरून कळते, ड्रायव्हर कोण तेसुद्धा. छापून आलं ते 'पावसाळ्यात बघण्यासारखे सात धबधबे'. बाई गेल्या, मी गेलो, पाचव्या धबधब्याचा फोटो तर गोव्यातला पण नव्हता. पैसेही दिले नाहीत, पण त्याचं मी एवढं मनाला लावून घेतलं नाही, बाईंना अंक दाखवतो म्हटलं होतं त्याची लाज जास्त वाटली. अजून त्या वळणावर मी गाडी थांबवत नाही.

संध्याकाळी लाईट गेली तेव्हा आई मेणबत्ती घेऊन बाजूला येऊन बसली आणि पानं उलटायला लागली. बर्फात छपरापर्यंत बुडालेलं एक घर होतं त्यावर बोट ठेवून म्हणाली, "अरे, हे ठीक, पण ह्यांची गुरं कुठे बांधतात?"

मी सगळा अंक परत चाळला. कुठेच नाही. त्या पोराला मेसेज टाकलाय, पण नेट नाही, अजून घड्याळाचं चिन्हच दिसतंय.