खडूच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्या शाळेत गेल्या जानेवारीत झालेली पहिली बालसभा फसली, आणि ती माझ्यामुळे फसली, हे आधीच सांगून टाकतो. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट ६१. गाव धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचे, कापूस आणि मका पिकवणारे, घरोघर अहिराणी बोलणारे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी मुलांचे म्हणणे ऐकून घ्या, असे ग्रामसेवकांनी सुचवले होते. ग्रामपंचायतीचा आराखडा तयार करताना महिलांची आणि मुलांची वेगळी सभा व्हावी, अशी अपेक्षा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात आहेच. पण पुष्कळ ठिकाणी ती सभा सह्यांच्या कागदावरच उरकते. आपण ती खरोखर घेऊन पाहावी असे मला वाटले, आणि उत्साहाच्या भरात मी मुलांना आठवडाभर आधी विषय देऊन टाकला: ‘माझी शाळा, माझे आरोग्य, माझे गाव.’

विषय मिळाल्याबरोबर मुलांनी ओळखले की ही वक्तृत्व स्पर्धा आहे. ठरलेल्या दिवशी एकेक जण पुढे आला, हाताची घडी घातली आणि ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरुवात करून झाडे लावा, पाणी वाचवा, व्यसन सोडा हे सगळे न अडखळता म्हणून गेला. पाचवीतल्या एका मुलाने तर ‘आमच्या गावात नदीचे निर्मळ पाणी खळाळते’ असेही सांगितले. आमच्या नदीला पावसाळ्यानंतर पाणी राहत नाही, आणि तो मुलगा रोज दुपारी त्याच कोरड्या पात्रात क्रिकेट खेळतो. अकरा भाषणे झाली, टाळ्या झाल्या, आणि माझ्या वहीत लिहून घ्यावे असे एकही वाक्य मिळाले नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना जे सुचले, ते मला फार आधी सुचायला हवे होते, कारण मी याच भाषेत वाढलो आहे. आमच्या लहानपणी वर्गात अहिराणीतला शब्द तोंडातून गेला की हातावर छडी बसत असे. त्यामुळे शाळेत जे बोलायचे ते शुद्ध, पुस्तकात असते तसे, आणि जे खरे असते ते घरी बोलायचे, अशी वाटणी आमच्या डोक्यात पक्की झाली. पुढे मी गुरुजी झालो, छडी गेली, पण ती वाटणी मी जशीच्या तशी पुढच्या पिढीच्या हाती दिली. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हा मजकूरही मी तिच्यातच लिहितो आहे. पण ‘तुझे मत काय’ असे पुस्तकी भाषेत विचारले, तर मूल आपले मत शोधायला पुस्तकातच जाते.

दोन दिवसांनी, खिचडी खाऊन मुले ओट्यावर बसली असताना, मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, ‘तुमले शायमा (शाळेत) काय नको वाटस, सांगा बरं.’ सुरुवातीला सगळी हसली. सर अहिराणीत बोलले, हीच त्यांच्यासाठी मोठी बातमी होती. मग सहावीतली एक मुलगी मान खाली घालून म्हणाली, ‘संडासना दारले कडी नही. आम्ही मैत्रिणले बाहेर उभी करतस.’ ती कडी किती दिवसांपासून नाही, असे विचारल्यावर उत्तर आले, दिवाळीच्या आधीपासून. त्या दारावरून मी दिवसातून दहा वेळा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू घेतले. ऐंशी रुपये लागले, आणि बसवायला पंधरा मिनिटे.

त्यानंतर मी रिकामा खडूचा डबा घेतला, झाकणाला भोक पाडले आणि तो पाणी पिण्याच्या टाकीजवळ ठेवून दिला. ज्या भाषेत लिहिता येईल त्या भाषेत लिहा, नाव घालू नका, लिहिता येत नसेल तर चित्र काढा, एवढेच सांगितले. आठ दिवसांत सत्तेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा एका ओळीच्या होत्या. खिचडीत तिखट कमी टाका, पहिलीची पोरे पाणी पिऊन उठतात (खान्देशात तिखटाची तक्रार येईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते, पण स्वयंपाकीण मावशींनी ती मनावर घेतली). पत्र्याच्या वर्गात मार्चनंतर बसवत नाही, झाडाखाली बसवा. चेंडू एकच आहे आणि तो मुलांकडेच असतो. लग्नाच्या दिवसांत रात्री बारापर्यंत डीजे वाजतो आणि झोप लागत नाही. काही चिठ्ठ्या निव्वळ चेष्टेच्या होत्या; एकीत माझ्या मोटारसायकलच्या आवाजाविषयी मत होते, आणि ते खरे होते.

एका चिठ्ठीपाशी मात्र मी थांबलो. तिच्यात लिहिले होते, ‘नाव वाचतस ना, मंग दुसरा दिनबी येवानी लाज वाटस.’ बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. परिपाठाच्या वेळी, प्रार्थना आणि सुविचार झाल्यावर, आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावे मी मोठ्याने वाचत असे. हजेरी वाढावी हा हेतू होता, आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका बैठकीत या पद्धतीचे कौतुकही झाले होते. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीपासून पुढे दीड-दोन महिने, आमच्याकडे मोठ्या वर्गांतली मुले अधूनमधून गळतात; वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि घरातले दोन हात वाढले की संध्याकाळचा काटा वाढतो. एक दिवस वेचणीला गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी यायला तयार असतो, पण साठ मुलांसमोर आपले नाव निघणार, सगळे वळून पाहणार, म्हणून तो दुसऱ्या दिवशीही शेतातच जातो. हजेरी वाढवण्यासाठी मी जे करत होतो, त्यानेच ती घटत होती. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करते, हे मी प्रशिक्षणांत कितीदा तरी ऐकले आहे. पण मानसिक त्रास म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर ओरडणारा, अपमान करणारा शिक्षक येत असे, हजेरीपट हातात धरून शांतपणे नावे वाचणारा मी कधी आलो नाही. नावे वाचणे त्याच दिवशी बंद केले. आता गैरहजर मूल परत आले की मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून कालचा धडा कुठवर आला ते सांगतो. वेचणी त्याने थांबलेली नाही, पण एका दिवसाचे तीन दिवस होणे कमी झाले आहे.

चित्राची चिठ्ठी एकच होती. एक टेकडी, ढोल वाजवणारी माणसे, आणि कोपऱ्यात एका चौकोनावर मोठी फुली. ती कोणाची असेल ते लगेच कळले. गावातल्या एका शेतावर सातपुड्यातून आलेले पावरा या आदिवासी समाजाचे कुटुंब सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतकामाला, राहते, त्यांची मुलगी चौथीत आहे. तिला अहिराणी थोडी कळते, पुस्तकी मराठी त्याहून थोडी, आणि वर्गात ती बोलत नाही. मी अहिराणीत बोलू लागलो म्हणून स्वतःवर खूश होतो. तिच्या दृष्टीने मी एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत गेलो होतो, इतकेच. पावरी बोलणाऱ्या सहावीतल्या एका मुलाला शेजारी बसवून विचारले, तेव्हा उलगडा झाला. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, सगळे कुटुंब डोंगरातल्या गावी जाते, आणि मागच्या वर्षी नेमकी तेव्हाच मी चाचणी घेतली होती. फुली मारलेला चौकोन म्हणजे तिची उत्तरपत्रिका. चाचणीची तारीख माझ्याच हातात होती. या वर्षी ती होळीनंतर घेतली आणि मुलगी चाचणीला बसली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपल्यावर ते कुटुंब इथेच राहील की दुसरीकडे जाईल, हे मात्र तिच्या वडिलांनाही अजून ठाऊक नाही.

सगळ्याच मागण्या मान्य करण्यासारख्या नव्हत्या, हेही सांगायला हवे. शनिवारी शाळा नको, गृहपाठ कायमचा बंद करा, सरांनी मोबाइल खेळायला द्यावा, अशाही चिठ्ठ्या होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा अधिकार देते आणि त्या मताला वय व समज यांनुसार योग्य वजन द्यावे, असे सांगते. प्रत्येक मागणी मान्य करा, असे ते म्हणत नाही. पण वजन दिले की नाही, हे मुलाला कळणार कसे? म्हणून मी व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर दोन रकाने आखले: डावीकडे चिठ्ठी, उजवीकडे उत्तर आणि तारीख. जे करता येणार नाही तिथे ‘नाही’ असे लिहून खाली कारण दिले. मोबाइलचे उत्तर मुलांनी वाचले, थोडी कुरकुर केली आणि सोडून दिले. ही कल्पना तशी माझी नव्हेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. ते रोज लिहीत. माझा फळा शनिवारीच पुसून नवा होतो.

शाळेच्या आवाक्याबाहेरच्या तीन मागण्या घेऊन सातवीतल्या दोन मुली २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गेल्या. पहिली डीजेची होती. रात्री दहानंतर बंद ठेवू, असे सरपंच आप्पांनी सांगितले आणि फेब्रुवारीतल्या दोन लग्नांत ते पाळलेही गेले. दुसरी मागणी वाचताना मात्र मुलीचा आवाज कापला. ती अशी होती: मोठी माणसे आम्हाला पुडी आणायला दुकानात पाठवतात, दुकानदाराने मुलांना पुडी देऊ नये असा ठराव करावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे मुली ज्याची मागणी करत होत्या ते आधीच कायद्यात होते. सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांतल्या चौघांना बोलण्याआधी उठून बाहेर जाऊन थुंकावे लागले, हे मी मागच्या रांगेतून पाहिले. शेवटी एक म्हातारे नाना उठले आणि म्हणाले, ‘पोरी खरं बोलतस, लिही घ्या.’ ठराव लिहिला गेला. तो दुकानापर्यंत पोचला का? अर्धामुर्धा. एक दुकानदार मुलांना परत पाठवतो, दुसरा ‘कोणासाठी’ असे विचारून देतो.

याच सभेत पैशाचाही मुद्दा निघाला, कारण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मागच्या वर्षी तो कशावर गेला हे मुलींनी विचारले नाही. ते मी विचारले, आणि उत्तर पुढच्या सभेवर गेले.

तिसरी मागणी एसटीची होती. आमच्या गावी सातवीनंतर शाळा नाही, आठवीला तालुक्याला जावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. पण सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबत नाही, आणि मागच्या वर्षी आठवीत गेलेल्या एका मुलीचा पास तसाच कंपासपेटीत राहिला. मागणी वाचणारी मुलगी यंदा सातवीत आहे. तिच्या घरी स्पष्ट सांगितले आहे की बस थांबली तर जा, नाहीतर घरी राहा. सभेने ठराव केला, सरपंचांनी सही केली, मी तो अर्ज स्वतः आगारात नेऊन दिला आणि पोच घेतली. वरिष्ठांना कळवतो, असे तिथे सांगण्यात आले. मार्चमध्ये पुन्हा गेलो, एप्रिलमध्ये फोन केला.

फळ्यावरच्या इतर ओळी दर शनिवारी पुसल्या जातात. एसटीपुढे ‘विचारून सांगतो, दि. २७ जानेवारी’ असे लिहिले आहे, ते पुसता आलेले नाही. सध्या शाळा सकाळची आहे, साडेअकरालाच ऊन अंगावर येते. तरी शनिवारी सगळी मुले पळाल्यावर ती मुलगी दप्तर पाठीवर अडकवून फळ्याजवळ थांबते आणि विचारते, ‘सर, इचारं का?’ मी या सोमवारी पुन्हा आगारात जाणार आहे. शाळा १५ जूनला उघडतात.