किसणी, समोवार, बंब

परवा दुपारी एका हॉटेलात जेवायला गेले होते. दाराशी तांब्याचा बंब ठेवलेला, घासूनपुसून लख्ख, आणि त्याच्या तोंडातून मनी प्लँट बाहेर लोंबतोय. मधली नळी काढून टाकलेली. जेवण बरं असावं. माझं लक्षच नव्हतं, कारण मला एकदम तुर्की लेखक सईत फाईकची ‘समोवार’ ही कथा आठवली होती.

समोवार म्हणजे आपला बंबच की. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. फक्त डोक्यावर चहाची किटली. १९३६ साली आलेल्या संग्रहातली ही कथा. इस्तंबूलचा अली कारखान्यात कामाला जातो. पहाटे आई उठवते, समोवार उकळत असतो. अलीला वाटतं, हाही एक कारखानाच. पण इथे ना दुःख, ना संप, ना अपघात. निघते ती फक्त वाफ, वास आणि सकाळचं सुख. मग एके दिवशी आई जाते. पोरगा धड रडतही नाही. शेवटी त्याची नजर समोवारावर पडते. तो उचलून दिसणार नाही अशा जागी ठेवतो, आणि मग पोटभर रडतो. त्या घरात समोवार पुन्हा उकळत नाही. बस्स. पुढे अलीच्या आयुष्यात रस्त्यावर सालेप नावाचं गरम दुधाचं पेय विकणाऱ्याचा हंडा येतो, थंडीत हात शेकायला.

आजीकडे बंब मोरीच्या बाहेर असायचा. गोवरीचा तुकडा, नारळाची शेंडी, वर चिपाडं. धुराने डोळे चुरचुरायचे आणि पहिल्या अंघोळीवरून आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. शनिवारी चिंच लावून तो घासायचं काम माझ्याकडे. तोटीखालचा हिरवट डाग कधीच निघाला नाही, आणि आजीला नेमका तोच दिसायचा. गीझर आला, बंब मोडीत गेला. कुणाला काही वाटल्याचं आठवत नाही.

तुर्की लेखकांना मात्र वाटतं, आणि भरपूर वाटतं. तानपिनारच्या ‘घड्याळं लावणारी संस्था’ या कादंबरीत हायरी इर्दालच्या घरी एक जुनं उभं घड्याळ आहे. मनाला येईल तेव्हा चालतं, नाही तेव्हा थांबतं. आई त्याला ‘मुबारक’ म्हणते, वडील चिडून ‘मनहूस’. ज्या देशात सूर्यास्तापासून तास मोजायची जुनी पद्धत कायद्याने बंद होऊन १९२६पासून युरोपची वेळ लागू झाली, तिथे घरातल्या घड्याळावरून नवराबायकोत दोन मतं पडणारच.

कादंबरीकार ओरहान पामुकचं प्रकरण याच्या पुढचं. त्याच्या मते ‘ह्युझ्युन’, म्हणजे ती उदासी, एकट्या माणसाची नसून साऱ्या इस्तंबूलची. एवढं म्हणून थांबला असता तर ठीक. पण ‘निरागसतेचं संग्रहालय’ या कादंबरीतला त्याचा केमाल आपल्या प्रेयसीच्या, फ्युसुनच्या घरी वर्षानुवर्षं रात्रीच्या जेवणाला जातो आणि निघताना काहीबाही खिशात घालतो. मीठदाणी, चिनीमातीचे कुत्रे, तिने ओढलेल्या सिगारेटची थोटकं. १९८०च्या लष्करी उठावानंतरच्या संचारबंदीत सैनिक त्याची गाडी अडवतात, तर आत सापडते काय, एक किसणी! आमच्याकडे गोष्ट इथवर गेलीच नसती. आई भांडी मोजून ठेवायची. वर पामुकने २०१२ साली इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात खरंखुरं संग्रहालय उघडलं. कादंबरीच्या ८३ प्रकरणांसाठी ८३ पेट्या, आणि भिंतीवर टाचणीने ओळीत टोचलेली ४,२१३ थोटकं.

मला ही थोटकं सोसत नाहीत. यात फ्युसुन किती आणि केमालचं स्वतःवरचं प्रेम किती, हा हिशोब काही लागत नाही. मी अलीच्या बाजूची. आठवण जिव्हारी लागली की माणूस वस्तू नजरेआड करतो, तिच्यावर प्रकाशझोत टाकत नाही. पण हेही खरं, की अलीच्या समोवाराचं पुढे काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि केमालची किसणी मात्र जगाला माहीत आहे.

असो. इस्तंबूलला जाणं झालंच तर मीही तिथे जाईन, थोटकांसमोर उभी राहून नाक मुरडेन आणि फोटोही काढेन. कादंबरीतच तिकीट छापलंय. पुस्तक दाखवलं की शिक्का मारून फुकट आत सोडतात. फुकट म्हटल्यावर सोडतंय कोण!