पेंच, कान्हा, नागझिरा: नागपूरहून पाच दिवस

मार्चच्या शेवटी, मंगळवारी पहाटे आईला घेऊन नागपूर सोडलं. मनसर, देवलापार, खवासा असा सरळ ४४ नंबरचा हायवे. पेंचच्या जंगलातून जाताना हा रस्ता मधेमधे खांबांवर जातो आणि खालची वाट जनावरांसाठी मोकळी राहते. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ मार्ग आहेत, त्यातला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. दर वेळी तिथून जाताना मला बरं वाटतं.

दुपारी पेंचच्या तुरिया गेटवरून सफारी केली. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे नजर लांबवर पोचत होती. नाल्यात पहुडलेली वाघीण दहा मिनिटं दिसली.

दुसऱ्या दिवशी सिवनी, बरघाट, बालाघाट, बैहर करत दुपारी कान्ह्याच्या मुक्की गेटवर पोचलो, तर गेट बंद. बुधवारी दुपारी तिथे सफारी नसते. गेटवर तिकीट मिळेल या भरवशावर निघालो होतो, अर्धा दिवस वाया गेला आणि आईचा उतरलेला चेहरा बघवेना. म्हणून आधी वार बघा, मग सुट्टी टाका. ताडोबा जोडणार असाल तर तिथे मंगळवारी सुट्टी असते. बुकिंग ऑनलाइन करा आणि ज्या ओळखपत्रावर कराल तेच मूळ कार्ड सोबत ठेवा. आपली गाडी आत सोडत नाहीत, जिप्सीच घ्यावी लागते.

गुरुवारची सकाळ मात्र सगळं भरून काढणारी होती. सागाचं जंगल मागे पडून सालाची झाडं सुरू झाली की हवाच बदलते. उघड्या जिप्सीत मार्चअखेरीसही स्वेटर लागलं. सौंफ मैदानात धुकं विरत होतं आणि गुडघाभर गवतात बारशिंगे चरत होते. एक मादी मान वर करून आमच्याकडे बघत राहिली, तोंडातून गवताची काडी लोंबत होती. १९७० साली कान्ह्यात बारशिंगे फक्त ६६ उरले होते. मैदानातली गावं हलवली, गवत वाढलं, तेव्हा कुठे कळप सावरले. कान्ह्यात आम्हाला वाघ दिसला नाही, तरीही दोन मुक्काम इथेच करा असं मी सांगेन.

बैहर-बालाघाट घाट उजेडातच उतरा, रात्री जनावरं रस्त्यावर येतात. पेट्रोल बालाघाटला भरून घ्या, रोख पैसे जवळ असू द्या.

शुक्रवारी गोंदियावरून साकोली, आणि शनिवारी पहाटे पिटेझरी गेटमधून नागझिरा. गेटकडे जाताना मोहाच्या झाडाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. एकीनं ओंजळभर मोह आईच्या हातावर ठेवला. ओलसर, गोड, जरा उग्र वास. "अस्वल यायच्या आधी वेचावं लागते," म्हणाली. नागझिऱ्यात गर्दी कमी असते, तळ्याजवळ गाडी बंद करायला सांगा आणि नुसतं ऐका. तिथून साकोली, भंडारा करत दुपारच्या जेवणाला नागपुरात.