क्लाइव्ह सलिव्हन यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द कागदावर मांडताना : माझा अनुभव

इंग्लंडमधील हल या शहरात पश्चिमेकडून, हंबर पुलाच्या बाजूने यायचे असेल तर ए 63 हा रस्ता धरावा लागतो, आणि शहर जवळ येताच त्या रस्त्याचे नाव 'क्लाइव्ह सलिव्हन वे' असे होते. नऊ वर्षे मी याच रस्त्याने कामावर जात-येत होते. ते नाव एखाद्या जुन्या महापौरांचे किंवा जहाजमालकाचे असावे, अशी माझी समजूत होती. माझा धाकटा मुलगा मुलांच्या रग्बी लीग संघात खेळू लागला, तेव्हा तेथील प्रशिक्षकांनी प्रत्येकाला एका आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या कारकिर्दीचा तक्ता करून आणायला सांगितला. मुलाने सलिव्हन यांचे नाव निवडले आणि हे काम हळूहळू त्याच्याकडून माझ्याकडे आले. दोन संध्याकाळींत संपेल असे वाटलेले काम साडेतीन महिने चालले.

माझे वडील सांगलीत क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करीत असत आणि शाळेच्या वयात मी त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढून देत असे. पहिला चेंडू पडण्याआधी ते स्कोअरबुकातील सगळे रकाने पट्टीने आखून घेत, कारण खेळ सुरू झाल्यावर रकाना आखायला गेले की नोंद चुकते, असे त्यांचे म्हणणे होते. मी नेमके याच्या उलट वागले. आधी सापडतील तेवढे आकडे उतरवून घेतले आणि ते कोणत्या रकान्यात बसवायचे हा विचार नंतर केला, आणि जवळजवळ सगळा घोळ त्यातूनच झाला.

आपल्याकडे रग्बी म्हटले की एकच खेळ डोळ्यांसमोर येतो, म्हणून थोडे सांगते. कामाचा दिवस बुडवून खेळायला येणाऱ्या कामगार खेळाडूंना त्या दिवसाची भरपाई द्यावी की नाही, या वादातून 1895 मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यातून पुढे जो खेळ घडला तो रग्बी लीग. संघात तेरा खेळाडू असतात, आणि चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. मूळ खेळ, म्हणजे रग्बी युनियन, तेव्हा कडक हौशी होता, खेळण्याचे पैसे घ्यायला बंदी होती, त्यामुळे वेल्समधील अनेक गुणी खेळाडू पोटासाठी उत्तरेत येऊन लीग खेळत. 1943 साली कार्डिफच्या स्प्लॉट वस्तीत जन्मलेले सलिव्हन त्यांपैकीच एक. लहानपणी त्यांच्या पायांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि हा मुलगा पुढे नीट चालू शकेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. पुढे ते सैन्यात असताना, 1961 मध्ये, हल एफसी या क्लबने त्यांना चाचणीसाठी ब्रॅम्लीविरुद्ध उतरवले तेव्हा त्यांचे खरे नाव लपवून ठेवण्यात आले होते. त्या दिवशी त्यांनी तीन ट्राय केले. तो सामना आंतरराष्ट्रीय नसल्यामुळे माझ्या तक्त्यात बसत नाही, पण ज्याच्या नावाचा पुढे रस्ता झाला त्याची पहिली मोठी नोंद निनावी आहे, हे मला फार दिवस मनातून काढता आले नाही.

पहिली अडचण आडनावाची होती. जुन्या याद्यांत खेळाडूचे आडनाव आणि एखादे आद्याक्षर एवढेच छापलेले असते, आणि ग्रेट ब्रिटनकडून खेळलेले सलिव्हन काही एकच नाहीत. जिम सलिव्हन हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे उभे राहणारे खेळाडू, तेही कार्डिफचेच. मिक सलिव्हन विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळत आणि त्यांच्या नावावर ग्रेट ब्रिटनचे 46 सामने व 41 ट्राय आहेत. क्लाइव्ह यांचे चिरंजीव अँथनी हेही पुढे आंतरराष्ट्रीय खेळाडू झाले. क्लाइव्हही विंगरच असल्याने माझ्या पहिल्या कच्च्या तक्त्यात मिक यांचे दोन सामने त्यांच्या नावावर चढले होते. तारखा जुळवून पाहिल्यावर लक्षात आले की त्यांतील एका सामन्याच्या वेळी क्लाइव्ह बारा वर्षांचे होते. त्यानंतर मी प्रत्येक ओळीसमोर खेळाडूचे वय लिहायला सुरुवात केली. हा रकाना अंतिम तक्त्यात ठेवला नाही, पण पडताळणीला त्याच्याइतका उपयोगी दुसरा रकाना नव्हता.

दुसरी अडचण देशाची. त्या काळात ब्रिटिश खेळाडूला दोन राष्ट्रीय संघांकडून खेळता येई. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडशी सामना असेल तर इंग्लंड आणि वेल्सचे खेळाडू ग्रेट ब्रिटन म्हणून एकत्र उतरत, आणि आपसांत खेळताना तेच खेळाडू एकमेकांसमोर उभे राहत. 1972 च्या विश्वचषकात ग्रेट ब्रिटनचा एकच संघ होता, तर 1975 च्या स्पर्धेत इंग्लंड आणि वेल्स वेगवेगळे खेळले आणि सलिव्हन वेल्सच्या संघात गेले. म्हणजे विश्वविजेता संघ पुढच्या स्पर्धेत उतरलाच नाही, आणि त्याचा कर्णधार दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून तीच स्पर्धा खेळला. दोन्ही संघांची बेरीज करून एक मोठा आकडा लिहिण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला, वेल्ससाठी स्वतंत्र पान केले आणि पहिल्या पानावर फक्त ग्रेट ब्रिटन ठेवले : 1967 ते 1973, सामने 17, ट्राय 13.

हा 17 चा आकडाही सहज हाती लागला नाही, कारण कसोटी सामना कशाला म्हणायचे यावर दोन देशांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रिटिश पद्धतीत विश्वचषकाचा सामना हा पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना धरून एकूण संख्येत मिळवला जातो. जुन्या ऑस्ट्रेलियन याद्यांत मात्र कसोटी आणि विश्वचषक वेगळे मांडलेले दिसतात. ऑस्ट्रेलियाचे जुने खेळाडू क्लाइव्ह चर्चिल यांच्या नावापुढे 34 कसोटी आणि विश्वचषकाचे 3 सामने असे दोन आकडे असतात ते त्यामुळेच. त्या हिशेबाने सलिव्हन यांचे 1968 आणि 1972 च्या विश्वचषकांतील सामने 17 मधून वजा होतात आणि कारकीर्द एकदम लहान दिसू लागते. त्याशिवाय राखीव म्हणून मैदानात उतरलेल्या सामन्यासाठी खेळाच्या नोंदींच्या वार्षिक पुस्तकांत अधिकचे चिन्ह देऊन वेगळा आकडा लिहितात, तो मिळवायचा की सोडायचा हेही ठरवावे लागते. दौऱ्यावर गेलेला संघ स्थानिक जिल्ह्यांच्या संघांशी खेळतो, ते सामने तर राष्ट्रीय संघाचे असूनही आंतरराष्ट्रीय नसतात.

क्रिकेटमध्येही असे झालेले आहे आणि ते आठवल्यामुळे माझे मन थोडे स्थिर झाले. 1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा रद्द झाल्यावर इंग्लंडचा संघ शेष विश्व संघाशी पाच सामने खेळला. ते सामने आधी कसोटी मानले गेले आणि नंतर तो दर्जा काढून घेण्यात आला. ग्लॅमॉर्गनचे ॲलन जोन्स इंग्लंडकडून तेवढा एकच सामना खेळले होते, त्यामुळे त्यांची कसोटी कारकीर्दच नाहीशी झाली. 2020 मध्ये इंग्लंडच्या मंडळाने त्यांना 696 क्रमांकाची कॅप दिली, ती पन्नास वर्षांनी. मैदानात काहीच बदललेले नसताना केवळ मोजण्याचा नियम बदलल्याने एखादा माणूस खेळाडू ठरतो किंवा ठरत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून मी तक्त्याच्या माथ्यावरच लिहिले की यात विश्वचषकाचे सामने धरले आहेत, राखीव म्हणून खेळलेला सामनाही धरला आहे आणि दौऱ्यातील इतर सामने धरलेले नाहीत.

तिसरी चूक पूर्णपणे माझी होती. 13 ट्रायचे गुण मी 52 काढले, कारण माझा मुलगा खेळतो त्या खेळात ट्रायला चार गुण मिळतात. रेमंड फ्लेचर आणि डेव्हिड हाउज यांनी संपादित केलेली, 1981 पासून निघू लागलेली रॉथमन्स वार्षिके या खेळात प्रमाण मानली जातात. त्या परंपरेतील नोंदींत सलिव्हन यांच्या नावावर 39 गुण होते. छापणाऱ्यांची चूक असेल असे म्हणून मी दोन आठवडे 52 वरच ठाम राहिले. उलगडा झाला तो हल हिस्टरी सेंटरमध्ये, जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मपुढे बसलेली असताना. 1972 च्या अंतिम सामन्याचा गुणफलक समोर आला : दोन्ही संघांचे दोन-दोन ट्राय, दोन-दोन गोल, आणि गुण 10–10. गोलचे, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूचे, दोन गुण धरले तर चारच्या हिशेबाने बेरीज 12 होते. तेव्हा ट्रायला तीनच गुण मिळत, चार झाले ते 1983 मध्ये. त्या दिवशी मी घरी जाऊन 52 खोडला आणि तेराही ट्राय पुन्हा तपासले.

तो अंतिम सामना मी इतक्या वेळा वाचला आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. स्पर्धा फ्रान्समध्ये होती. ग्रेट ब्रिटनने 29 ऑक्टोबरला पर्पिन्यां येथे ऑस्ट्रेलियाला 27–21 असे, 1 नोव्हेंबरला ग्रनोब्ल येथे फ्रान्सला 13–4 असे आणि 4 नोव्हेंबरला पो येथे न्यूझीलंडला 53–19 असे हरवले. तिन्ही सामन्यांत सलिव्हन यांचा ट्राय आहे. 11 नोव्हेंबरला लियोंच्या जेर्लां मैदानावर पुन्हा ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. त्या प्रचंड मैदानात जेमतेम चार हजार प्रेक्षक होते. ग्रेम लँगलँड्स यांनी हवेत झेप घेऊन केलेला ट्राय फ्रेंच पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. हा निर्णय चुकीचा होता असे ऑस्ट्रेलियात अजून म्हटले जाते, पण गुणलेखकाच्या कागदावर नाकारलेल्या ट्रायला जागाच नसते. पुढे सलिव्हन यांनी आपल्याच बाजूच्या अर्ध्या मैदानात सुटलेला चेंडू उचलला आणि ते पार दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेले, मागचे कोणीही त्यांना गाठू शकले नाही. सामना संपत आला असताना माइक स्टीफन्सन यांनी दुसरा ट्राय केला, टेरी क्लॉसन यांनी गोल करून बरोबरी साधली, आणि वीस मिनिटांच्या जादा वेळेतही कोणाला गुण मिळाला नाही. साखळीतील तिन्ही सामने जिंकलेले असल्यामुळे चषक ग्रेट ब्रिटनला मिळाला.

येथे माझा निकालाचा रकाना अडला. मी विजय, पराभव आणि बरोबरी असे तीनच पर्याय ठेवले होते, आणि या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दिवसासमोर 'बरोबरी' लिहिताना हात पुढे जाईना. मुलगा म्हणाला, "आई, कप मिळाला ना? मग जिंकले असेच लिही." त्याचे म्हणणे मला कळत होते, पण मी बरोबरीच लिहिली आणि शेरा म्हणून 'चषक ग्रेट ब्रिटनकडे' एवढे जोडले. विजय लिहिला असता तर ज्या ओळीवर कोणी बोट ठेवू शकेल अशी एक ओळ त्यांच्या तक्त्यात मी स्वतः घातली असती, आणि त्यांच्या कारकिर्दीला अशा मदतीची गरज नाही.

तक्ता पूर्ण झाला असे समजून मी तो प्रशिक्षकांकडे पाठवला. त्यांनी लहानपणी सलिव्हन यांना दोन्ही स्थानिक क्लबांकडून खेळताना पाहिले होते. काळ्या-पांढऱ्या शर्टातील हल एफसी आणि लाल-पांढऱ्या शर्टातील हल किंग्स्टन रोव्हर्स यांच्यातील वैर या शहरात घराघरांत शिरलेले आहे, तरी एकीकडे 250 आणि दुसरीकडे 118 ट्राय करणाऱ्या सलिव्हन यांना दोन्ही बाजूंनी आपले मानले. 1985 मध्ये कर्करोगाने ते वयाच्या 42 व्या वर्षी गेले, त्यानंतर रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. प्रशिक्षकांनी तक्ता दोनदा वाचला आणि कर्णधार कोण होता हे यात कुठे आहे, असे विचारले.

ते कुठेच नव्हते. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातील राष्ट्रीय संघाचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांच्या तक्त्यात कर्णधारपदाचाच रकाना मी आखला नव्हता. नवा रकाना घालायला कागदावर जागा उरली नव्हती. तेव्हा स्कोअरबुकात वडील कर्णधाराच्या नावापुढे तारा काढीत, तसा लाल शाईने एकेका ओळीपुढे तारा काढला. असे नऊ तारे झाले, आणि लियोंच्या बरोबरीपुढे त्यांपैकी एक आहे.