सांगोल्याच्या वाटेवर आबासाहेबांची आठवण

आज पंढरपूरहून एसटीने सांगोल्याला जाताना खिडकीबाहेर फळांनी वाकलेल्या डाळिंबाच्या बागा दिसल्या आणि गणपतराव देशमुखांची, आमच्या आबासाहेबांची, फार आठवण आली. 1962 साली पहिल्यांदा विधानसभेत गेलेला हा माणूस अकरा वेळा आमदार झाला, मधल्या दोन पराभवांनंतरही शेतकरी कामगार पक्ष त्यांनी सोडला नाही, आणि आमदारकीच्या काळातही ते याच लाल एसटीने प्रवास करीत. शेजारच्या आजोबांपाशी नुसते नाव काढले, तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळावे म्हणून आबासाहेब आयुष्यभर झगडले. 30 जुलै 2021 रोजी ते गेले. त्यांची उणीव आजही फार जाणवते.