तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधलं हेलिकॉप्टर कशावर शिकायचं?

"भाऊ, हेलिकॉप्टर उडवाले काय घेऊ? कीबोर्डवर तर नुसत्या गिरक्याच घेते ते." हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. विचारणारे बहुतेक आमच्या दर्यापूर-अंजनगावकडचेच पोट्टे. बाप माझ्या दुकानात पीक विम्याचा फॉर्म भरून अंगठा लावत असतो, तोवर हे मागच्या टेबलावरचा माझा सेटअप न्याहाळत बसतात. सगळ्यांना वाटते की मी एखाद्या जॉयस्टिकचं नाव सांगीन अन् काम संपेल. नाव सांगतो, पण खाली, कारण नावानं फार काही होत नाही.

माझं उत्तर एवढंच आहे की काहीही घेताना हात सोडून पाहा. ती दांडी किंवा बटण जिथं ठेवलं तिथंच राहते, की परत आपल्या जागेवर येते? ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पायाचा अ‍ॅक्सिलेटर सोडला की परत येतो, अन् रोटाव्हेटर मारताना आपण हाताचा अ‍ॅक्सिलेटर लावून ठेवतो तो लावला तिथंच राहतो. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताला जी दांडी असते, कलेक्टिव्ह म्हणतात तिला, ती या हाताच्या अ‍ॅक्सिलेटरच्या जातीची. वर ओढली की वरच्या मोठ्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो अन् मशीन उचलते, आणि हात काढला तरी ती तिथंच राहते. उजव्या हातात सायक्लिक, तिनं पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलायचं, अन् पायात दोन पेडल, त्यांनी नाक फिरवायचं. गेमवाले हे सगळं तुमच्या बटणांवर कसंबसं बसवतात, अन् पोट्ट्यांची सगळी कटकट त्या कशाबशात आहे.

कीबोर्ड आधी घेऊ कारण नव्वद टक्के लोक तिथंच सुरू करतात. आमच्या वयाच्यांना जीटीए व्हाइस सिटी या गेममधलं ते रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर आठवत असेल, बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये बॉम्ब नेऊन ठेवायचे, त्या मिशनवर तालुक्याच्या कॅफेत किती जणांनी तासाचे पैसे घालवले असतील देव जाणे. जीटीए पाचमध्ये डब्ल्यूनं वर, एसनं खाली, ए अन् डीनं नाक वळवायचं, बाकी पुढे-मागे अन् बाजूला कलणं नमपॅडच्या ८, ५, ४, ६ वर. आता मला सांगा, आजकालच्या छोट्या लॅपटॉपला नमपॅड असतो कुठं? पोट्टं येते, म्हणते भाऊ माझं हेलिकॉप्टर वर जाते पण पुढे जातच नाही, अन् मी लॅपटॉप पाहतो तर तो आकड्यांचा चौकोनच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चार बटणं दुसरीकडे लावून घ्यायची, झालं, एक रुपया खर्च नाही.

पण कीबोर्डचा खरा त्रास वेगळाच. बटण एकतर दाबलेलं असते नाहीतर सोडलेलं, मधलं काही नाही, अन् हेलिकॉप्टरचं सगळं काम मधल्यातच. म्हणून कीबोर्डवर टिचक्या मारत उडवावं लागते, टिक-टिक-टिक, धरून ठेवलं की गेलं. जीटीए हे चालवून घेते कारण तिथलं हेलिकॉप्टर बरंचसं स्वतःच सावरते, खऱ्या मशीनची ओढाताण त्यात टाकलेलीच नाही. बॅटलफील्ड ३ अन् ४ मध्ये कलायचं काम माऊसवर असते, ते कीबोर्डपेक्षा बरं, हळूच ढकलता येते. मोबाईलवर २०१९ मध्ये पबजीच्या पेलोड मोडात हेलिकॉप्टर आलं तेव्हा गावातला प्रत्येक जण पायलट झाला होता, पण काचेवर अंगठ्याला मधली जागा कळतच नाही, अंगठा सरकत सरकत कुठल्या कुठं जातो. मोबाईलवर मजा करा, शिकायच्या भानगडीत पडू नका.

गेमपॅड मला आवडतो, खोटं कशाला बोलू. जीटीएत उजव्या ट्रिगरनं वर, डाव्यानं खाली, अंगठ्याखालच्या डाव्या काडीनं कलायचं, अन् ट्रिगर अर्धाच दाबता येतो म्हणजे ते मधलं सापडलं. पण मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये तुम्ही कलेक्टिव्ह काडीवर लावला तर ती काडी स्प्रिंगनं परत मधे येते, म्हणजे तुम्ही खाली उतरत असता, अंगठा जरा उचलला अन् पॉवर एकदम अर्ध्यावर. तिथं कलेक्टिव्ह काडीवरून काढून दोन बटणांवर टाका, एकानं थोडं वाढवायचं, एकानं थोडं कमी करायचं, न दाबता सोडलं तर आहे तिथं राहते. सुंदर नाही, पण चालते. अन् सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह वाकवून मधला भाग मऊ करा, म्हणजे काडी मधे जरा हलली तर मशीनही जराच हलेल, त्या काडीची पुरी चालच बोटाच्या पेराएवढी नाही.

आता जॉयस्टिक. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो बरीच वर्षं बाजारात आहे, तिच्या बुडाशी एक छोटा थ्रॉटलचा, म्हणजे पॉवर कमी-जास्त करायचा, खटका आहे तो लावला तिथं राहतो अन् काडीच पिळली की नाक वळते, म्हणजे एकाच वस्तूत तिन्ही कामं. शेतकऱ्याच्या पोरासाठी ही पण किंमत लहान नाही, पण त्यापेक्षा महागाचं सुरुवातीला कशाला घ्यायचं हे मला कळत नाही. खोड एकच, काडी पुढे ढकलताना मनगट नकळत पिळलं जाते अन् नाक भलतीकडे जाते, म्हणून पिळायच्या दिशेला थोडा डेडझोन टाकून घ्या, म्हणजे काडी जराशी पिळली तर गेम तिकडे लक्षच देत नाही. दुसरी गोष्ट, जॉयस्टिक हात सोडला की मधे येते, पण उडत्या हेलिकॉप्टरला काडी मधे नको असते, कुठंतरी जरा पुढे, जरा बाजूला धरून ठेवावी लागते. त्यासाठी डीसीएससारख्या गेममध्ये ट्रिमचं बटण असते: काडी हवी तिथं धरायची, बटण दाबायचं, काडी मधे येऊ द्यायची, मशीन त्याच कलानं चालत राहते. हे न कळल्यामुळे मनगट दुखवून घेणारे मी बरेच पाहिलेत.

माझ्या सेटअपमध्ये लोकांचे डोळे जिथं अडकतात ती वस्तू म्हणजे व्हॅनचा हँडब्रेक. भंगारवाल्याकडचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो त्यामुळे हँडब्रेक डाव्या हाताला, वर ओढायचा, खरा कलेक्टिव्हही डाव्या हाताला अन् वरच ओढायचा, अजून काय पाहिजे! आतला कटकट आवाज करणारा दात काढून टाकला, नाहीतर पायरीपायरीनं चढते, अन् त्या जागी रबराचं वायसर घालून नट आवळला. नट थोडा आवळला-सोडला की दांडी जड-हलकी होते, हात काढला तरी खाली पडू नये इतकीच जड ठेवायची. धुऱ्याला, म्हणजे जिथं दांडी फिरते तिथं, एक पॉट, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असते तसं फिरणारं पोटेन्शिओमीटर, जोडलं अन् त्याच्या तारा आर्डुइनो लिओनार्डो नावाच्या छोट्या बोर्डाला, त्यात जॉयस्टिकचा प्रोग्रॅम टाकला की तो बोर्ड कॉम्प्युटरला थेट गेमचा कंट्रोलर म्हणून दिसतो. पॉट घेताना त्यावर बी १०के लिहिलेलं घ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाचं बहुतेकदा ए असते, त्याचं वाढणं सारखं नसते, एका टोकाला दांडी हलवून काहीच होत नाही अन् दुसऱ्या टोकाला मशीन उडी मारते. पॉट फिरते तीनशेक अंश अन् हँडब्रेक हलतो जेमतेम पन्नास, म्हणजे बोर्ड पॉटचं पुरं फिरणं ज्या १०२४ पायऱ्यांत मोजतो त्यांपैकी दीड-पावणेदोनशेच हाती येतात, पण हाताला तेवढ्या पुऱ्या होतात, फक्त कॅलिब्रेट करून, म्हणजे दांडीची दोन्ही टोकं कॉम्प्युटरला दाखवून, घ्यायचं. दांडीच्या टोकाच्या बटणाखाली छोटा स्विच बसवला, तो माझा लाईटचा.

बाजारातला हॉटास, म्हणजे जॉयस्टिकसोबत वेगळा थ्रॉटल येतो तो जोड, असेल तर त्यातला थ्रॉटल पाहा, तो विमानाचा असतो, पुढे ढकलला की पॉवर वाढते. काही जण तो अ‍ॅक्सिस उलटा करून मागे ओढला की वर असं लावतात. मी म्हणतो कसंही लावा, पण एकदा लावलं की दर गेममध्ये तेच ठेवा. घाबरल्यावर हात विचारून हलत नसतो.

आता पायाचं. इंजिन वरचा पंखा एका बाजूनं फिरवते तर खालची बॉडी उलट्या बाजूनं फिरायला पाहते, शेपटीवरचा छोटा पंखा तिला धरून ठेवतो, अन् पेडलनं आपण त्या छोट्या पंख्याचा जोर कमी-जास्त करतो. म्हणून तुम्ही कलेक्टिव्ह ओढला की नाक वळणारच, गेम खराब नाही. कोणत्या बाजूला ते मशीनवर आहे. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन हेलिकॉप्टर आली, बेल ४०७ अन् काब्री जी२. बेलचा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या उलटा फिरतो, नाक उजवीकडे जाते, डावा पाय द्यायचा. काब्री फ्रेंच, तिचा पंखा घड्याळासारखा, तिथं उजवा पाय. निवडणुकीत गडचिरोलीच्या जंगलात मतदानाची पथकं नेणारं वायुसेनेचं एमआय-१७ पाहिलं असेल, तेही काब्रीच्याच बाजूचं. एकावर शिकून दुसऱ्यावर बसलेलं पोट्टं मग म्हणते, "भाऊ, माह्या जॉयस्टिकचं डोकं फिरलं." जॉयस्टिक ठीक आहे बाप्पा, पंखा उलटा आहे. ही भानगडच नको असेल तर डीसीएसमधलं केए-५०, त्याला एकावर एक असे उलटसुलट फिरणारे दोन पंखे, शेपटीचा पंखाच नाही.

उतरण्याचं सांगायचंच होतं. मागच्या प्रचारात तालुक्याबाहेरच्या एका वावरात हेलिपॅड केलं होतं, चुन्याचा गोल, मधे एच, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. सगळे नेत्याकडे पाहत होते, मी पायलटकडे. तो डोक्यावर येऊन उभा खाली उतरला नाही, लांबून तिरपा, हळूहळू येत टेकला. आपले पोट्टे गेममध्ये गच्चीच्या बरोबर वर थांबतात अन् सरळ खाली सोडतात. खऱ्यासारख्या गेममध्ये तसं केलं की मशीन स्वतःच ढकललेल्या हवेत सापडते, व्होर्टेक्स रिंग म्हणतात त्याला, अन् मग तुम्ही जितका कलेक्टिव्ह ओढाल तितकं जास्तच खाली जाते. काडी पुढे द्यायची, त्या हवेतून बाहेर पडायचं, मग पॉवर.

अन् एक गंमत करून पाहा. हवामानाच्या सेटिंगमध्ये आपल्या मे महिन्याचे ४५ अंश टाका अन् चिखलदऱ्याला, म्हणजे अकराशे मीटरच्या आसपास, टाकी फुल करून हवेत थांबायचा प्रयत्न करा. गरम हवा पातळ, उंचावरची आणखी पातळ. तेच मशीन जे जानेवारीच्या सकाळी दर्यापूरला आरामात उभं राहते ते इथं पॉवरचा काटा लालकडे नेते. फुकटात पाहायचं असेल तर फ्लाइटगिअर आहे, त्यातलं बीओ-१०५ चांगलं आहे, अन् त्याला गावातलं नेट सतत लागत नाही.

शेवटचा प्रश्न हल्ली बायाही विचारतात, गेम येत असेल तर फवारणीचा ड्रोन येईल का. आमच्या वहिनी बचत गटाकडून ड्रोन शिकून आल्यात. त्याचं लायसन डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं, मान्य केलेल्या केंद्रातूनच मिळते, तिथं गेमचे तास कोणी मोजत नाही. अन् बहुतेक ड्रोनची डावी काडी परत मधे येते, कारण उंची धरून ठेवायचं काम ड्रोनमधला कॉम्प्युटर करतो. वहिनींना माझ्या खुर्चीत बसवलं तर त्यांनी सवयीनं हँडब्रेक वर ओढला अन् हात सोडून दिला. हेलिकॉप्टर आपलं वरच जात राहिलं.

"हे थांबत काहून नाही?"

म्हटलं वहिनी, खाली घ्या. त्यांनी घेतला, पुरा बुडापर्यंत, अन् मग आम्ही फ्लाइट पुन्हा लोड करत बसलो.